ओब्रिन्याकची ढाल

"अरे गप्प बसा सगळे! हंस रंग बदलतोय!"

कुणीतरी असं ओरडलं आणि प्राचीच्या हॉलमधली झाडून सगळी मंडळी गुडघ्यांवर उठून पुढे झुकली. बाहेर न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनचा जुलैमधला, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातला, गार पाऊस लागला होता. दाराशी ओल्या बुटांचा आणि जँडल्सचा, म्हणजे इकडच्या रबरी चपलांचा, ढीग, पॅसेजमध्ये निथळणारे रेनकोट, स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात आल्याचा चहा रटरटतोय आणि खिडक्या मात्र घट्ट बंद. गुरुजींची आज्ञाच होती तशी. खिडकी उघडी राहिली की एनर्जी लीक होते म्हणे!

मधोमध पाटावर, लाल कापडावर, ताटाएवढी एक ढाल उभी केली होती. तिच्यावर निळ्या नागमोडी रेघा, वरच्या अंगाला तीन पांढरे आडवे पट्टे, एका बाजूला मूठ असलेलं कसलंसं चपटं हत्यार आणि मध्ये एक मखमली पक्षी. पेटीतून काढला तेव्हा हा पक्षी निळाशार होता. भजन निम्म्यावर आलं तेव्हा तो जांभळट झाला आणि आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गुलाबी पडत होता.

"बघा, बघा!" यतीनगुरुजींनी दोन्ही हात वर केले. "इथे आत्ता हीपस् ऑफ निगेटिव्हिटी आहे. हंस सगळी ॲब्सॉर्ब करतोय. माय डिअर फॅमिली, हे साधंसुधं चित्र नाही. हा वैदिक सील आहे, फ्रान्समध्ये जमिनीच्या पोटात सापडलेला. पाच हजार वर्षांपूर्वी आपले ऋषी चालत चालत फ्रान्सला गेले होते!"

"चालत?" मागून एक आवाज आला.

"मनानं चालत, काकू," गुरुजी अजिबात न अडखळता म्हणाले. "हे तीन पट्टे बघा. त्रिपुंड्र! शंकराच्या कपाळावरचं भस्म. ही मारुतीरायाची गदा. ही गंगामैया. आणि हा राजहंस! ज्या वास्तूत दोष, तिथे हा गुलाबी होणार. जिथे शुद्धी, तिथे निळा. सायन्सवाल्यांना विचारा, कुणाला एक्स्प्लेन करता येतंय? नाही ना? स्वीट ॲज, एकदम झकास!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. यात डेंटिस्ट होते, अकाउंटंट होते, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारे दोघे होते. सगळ्यांचे फोन हंसावर रोखलेले.

हे यतीनगुरुजी काही वर्षांपूर्वी नुसते यतीन होते. बिझनेसचा डिप्लोमा करायला ऑकलंडला आले, डिप्लोमा मिळाला, बिझनेस काही जमेना. मग तिथल्याच पेनरोज भागातल्या एका गोदामात खोके रचायचं काम केलं. ते काम चांगलं होतं, घामाचं होतं. ते सोडून त्यांनी दाढी वाढवली, पफर जॅकेटवर भगवी शाल घेतली आणि हॅमिल्टनला येऊन मोक्षाचं दुकान उघडलं.

आणि मघाशी "चालत?" असं विचारणाऱ्या त्या शकुंतलाबाई. कोरेगावच्या प्राथमिक शाळेत त्यांची सगळी हयात चौथीच्या वर्गावर गेली होती. कुणाच्या दप्तरात चिंचा आहेत आणि कोण पोटदुखीचं सोंग करतंय, हे त्यांना फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. सुनेचं बाळंतपण करायला म्हणून त्या मुलाकडे, सुमेधकडे आल्या होत्या. गुडघ्यामुळे एकट्याच मागे खुर्चीवर बसल्या होत्या आणि गुरुजींकडे त्याच जुन्या नजरेनं बघत होत्या.

"आई, प्लीज," शेजारी बसलेली भाग्यश्री कुजबुजली. "असं मध्ये विचारू नका ना. त्यांना राग येतो."

शकुंतलाबाईंनी मान डोलावली. सून आठव्या महिन्यात होती आणि गेल्या वर्षी तिचं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हापासून ती झोपेतसुद्धा पोटावर हात ठेवून झोपायची. डॉक्टरनी तिला सांगितलं होतं की असं होतं कधी कधी, तुझी काही चूक नाही. पण 'असं होतं' या उत्तरानं तिचं समाधान झालं नव्हतं. गुरुजींकडे मात्र कारण होतं, उपाय होता आणि रंग बदलणारा हंससुद्धा होता. घाबरलेल्या माणसाला आणखी काय लागतं?

त्याच आठवड्यात ढाल सुमेधच्या घरी आली.

गुरुजींनी आल्याबरोबर घरभर फिरून भिंतींना हात लावून पाहिलं, खिडक्या बंद करायला लावल्या आणि ढाल एकेक रात्र एकेका खोलीत ठेवायला सांगितली. हॉलमध्ये घर गरम ठेवणारा हीट पंप दिवसरात्र चालू असायचा, तिथे हंस निळाच्या निळा राहिला. सुमेध-भाग्यश्रीच्या खोलीत छोटा हीटर, तिथेही निळा. तिसऱ्या रात्री ढाल शकुंतलाबाईंच्या खोलीत गेली आणि सकाळी बघतात तो काय, हंस गुलाबी! नुसता गुलाबी नाही, गुलाबाच्या सरबतासारखा गडद गुलाबी.

गुरुजी आले, त्यांनी हंस पाहिला आणि एक लांब सुस्कारा सोडला. हा सुस्कारा ते फार छान सोडायचे.

"काकूंबद्दल पर्सनल काही नाही हं," ते स्वयंपाकघरात सुमेधला म्हणाले. आवाज असा बेताचा की पलीकडच्या खोलीत नीट ऐकू जावा. "पण काका गेलेले. वैधव्याची सावली असते, ब्रो. गर्भावर पडते ती. मागच्या वेळी काय झालं, आठवतंय ना?"

"तेव्हा आई इथे नव्हती," सुमेध म्हणाला.

"फोन तर रोज करायच्या ना?"

यावर सुमेधनं गुरुजींपुढे चहाचा कप सरकवला, हीच तर गंमत. हा पोरगा हॅमिल्टनजवळच्या दूध-पावडरीच्या कारखान्यात लॅबमध्ये कामाला होता. दिवसभर पावडरीतला ओलावा मोजायचा. काडीभर जास्त आला तर वरच्या साहेबाशी भांडून सगळा माल अडवायचा. पण संध्याकाळी घराच्या दारात पाय ठेवला, की अक्कल बुटांबरोबर बाहेरच काढून ठेवायचा.

रात्री जेवणं झाल्यावर तो आईच्या खोलीत आला. पलंगाच्या कडेवर बसला. चादरीचा धागा ओढत राहिला.

"आई, म्हणजे... मी काय म्हणतोय... तू थोडे दिवस कोरेगावला जाऊन येतेस का? बाळ झालं की परत ये. तिकीट मी काढतो."

"कधीचं?"

"पुढच्या शुक्रवारचं मिळतंय."

"म्हणजे डोहाळजेवण झालं की मी चालू पडायचं."

"भाग्यश्री झोपत नाहीये गं, आई. रात्र रात्र रडते. मला पटतं असं नाही, पण तिला जर बरं वाटणार असेल..."

"तुला पटत नाही, तरी तू मला घालवतोयस," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पटलं असतं तर मला निदान कमी लागलं असतं, बाळा."

तो मान खाली घालून निघून गेला. आणि शकुंतलाबाईंना रडू आलं. सरळ हुंदके देऊन आलं. समुद्र ओलांडून, गुडघे सांभाळत, बॅगेत मेथी-डिंकाचं सामान भरून ही बाई कशासाठी आली होती? नातवंडाचं पहिलं रडणं ऐकायला. आणि आता ती अपशकुनी ठरली, तेही एका मखमली पाखरानं सांगितलं म्हणून! रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, चष्मा घातला आणि समोरच्या ढालीकडे बघून म्हणाल्या, "थांब मेल्या. तुझी परीक्षा घेते."

गुरुजींनी ढाल डोहाळजेवणापर्यंत त्यांच्याच खोलीत ठेवायला सांगितली होती. हे मात्र त्यांचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी अरोहा आली. अरोहा म्हणजे भाग्यश्रीची मिडवाइफ, इकडची शिकलेली सुईण. धिप्पाड, हसरी, इथल्या मूळच्या माओरी लोकांतली बाई, दारातूनच "किया ओरा, ममा!" अशी हाक मारायची. भाग्यश्रीचं ब्लडप्रेशर बघितलं, बाळाचे ठोके ऐकवले आणि बाळ कुठे झोपणार म्हणून खोल्या बघायला निघाली. शकुंतलाबाईंच्या खोलीच्या दारात आली आणि थबकली.

खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि दोऱ्यांवर दुपटीच दुपटी. शकुंतलाबाईंनी आपल्या जुन्या मऊ सुती साड्या आणि यजमानांची धोतरं गावाहून आणली होती. त्यांची त्या दुपटी शिवत होत्या, लंगोट शिवत होत्या. नव्या कापडाची खळ बाळाला टोचते, म्हणून जुनंच हवं. मशीनमध्ये कापड फाटतं, म्हणून हातानं धुवायचं. ड्रायरमध्ये विरतं, म्हणून दोरीवर वाळवायचं. बाहेर पाऊस, आणि हॉलमध्ये लंगोट टांगले तर सुनेच्या मैत्रिणी काय म्हणतील? म्हणून मग आपल्याच खोलीत. वाळलं की परत धुवायचं, म्हणजे आणखी मऊ होतं.

अरोहानं खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं. काचेवरून पाण्याचा ओघळ खाली आला.

"ममा, ही खोली फार डॅम्प आहे," ती तिच्या इंग्रजीत सावकाश म्हणाली. "एवढ्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे? हवेत. आणि खिडकी बंद, मग हवा जाणार कुठे? तुमच्या छातीत. हे बघा." तिनं कपाट जरासं पुढे ओढलं. मागे भिंतीवर काळे ठिपके पसरले होते. "इथे बाळाला ठेवायचं नाही हं. खिडकी उघडा, कपडे बाहेर छपराखाली टांगा, कोरडा हीटर लावा. इकडच्या घराघरांत हीच कटकट."

कपडे दिसले, काच दिसली, आणि शकुंतलाबाईंची नजर आपोआप ढालीवर गेली. हॉलमध्ये हीट पंप, निळा. मुलाच्या खोलीत हीटर, निळा. इथे ओलं धुणं, गुलाबी. प्राचीकडे ओले रेनकोट, एवढी माणसं, चहाची वाफ, गुलाबी.

"अगं बाई!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या.

"यू ओके, ममा?"

"व्हेरी ओके," शकुंतलाबाई म्हणाल्या.

अरोहा गेल्यावर त्यांनी काम सुरू केलं. आधी गरम पाण्याचा शॉवर सोडून ढाल बाथरूममध्ये नेली. हंस लालेलाल झाला. मग कढई भरभरून तांदूळ खमंग भाजून, गार करून, झाकणाच्या मोठ्या डब्यात ओतले आणि हंसाला ढालीसकट त्यात पुरून डबा घट्ट लावला. मीठ ओलं होऊ नये म्हणून बरणीत तांदूळ टाकतात, तीच युक्ती. सकाळी झाकण काढलं तर आत हंस निळाशार, जणू काही झालंच नाही!

हे लगेच मुलाला सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण मग त्यांनी विचार केला. सांगितलं तर गुरुजी म्हणणार की तांदूळ म्हणजे अन्नपूर्णा, तिनं शुद्धी केली. यतीनला उत्तर सुचायला कितीसा वेळ लागतो? ऋषी मनानं चालत जातात ज्याचे! तेव्हा नुसता रंग बदलून दाखवणं पुरेसं नाही. मुळात ही ढाल आहे काय, ते कळलं पाहिजे.

ढालीच्या तळाशी एक पट्टी होती, शेंदरानं माखलेली. गुरुजी सांगायचे, तो 'पैशाची' नावाच्या जुन्या भाषेतला गुप्त मंत्र आहे, वाचू नये, डोळे जातात. शकुंतलाबाईंनी ओलं फडकं घेऊन शेंदूर पुसला. डोळे शाबूत राहिले. खाली साध्या इंग्रजी अक्षरांत एक नाव होतं. फोनमध्ये घातल्यावर ते फ्रान्समधल्या एका खेड्याचं निघालं. ओब्रिन्याक. नदीकाठची चार घरं, एक चर्च आणि ग्रामपंचायतीच्या पानावर हुबेहूब हीच ढाल, मानचिन्ह म्हणून. शेजारी व्हॉट्सॲपचा नंबर.

हॅमिल्टनला संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ होते. शकुंतलाबाईंनी पदर खोचला आणि व्हिडिओ कॉल लावला. पांढऱ्या केसांच्या, लाल चष्मा घातलेल्या एक बाई समोर आल्या. नाव ओदेत, पंचायतीच्या कार्यालयात काम करायच्या. दोघींचंही इंग्रजी लंगडं, पण दोघींनाही त्याची लाज नव्हती.

"मादाम, आय ॲम टीचर फ्रॉम इंडिया, कॉलिंग फ्रॉम न्यूझीलंड. युवर बर्ड इज पिंक!"

"पिंक?" ओदेतबाई जोरजोरात मान हलवू लागल्या. "आह, पिंक! वेट, वेट! मादाम, डोन्ट हँग द वॉशिंग!"

शकुंतलाबाई फोनकडे बघतच राहिल्या. मग त्यांना असं हसू फुटलं की फोन हातातून पडायचा राहिला. ओदेतबाईही हसू लागल्या, का ते त्यांना कळलं नव्हतं तरी. त्यानंतर दोघी बराच वेळ बोलल्या, खुणांनी, चित्रांनी, अर्ध्यामुर्ध्या शब्दांनी. फोन ठेवला तेव्हा शकुंतलाबाईंना ढालीवरच्या प्रत्येक रेघेचा अर्थ ठाऊक झाला होता.

डोहाळजेवण शनिवारी सुमेधच्याच घरी होतं. खरं तर ते सातव्यातच व्हायचं, पण ते सगळं मांडणाऱ्या मैत्रिणीला, प्राचीला, कोविड झाला आणि आठव्यात ढकललं गेलं. हॉलमध्ये फुलांची आरास, भाग्यश्री हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने, चेहरा मात्र उतरलेला. सासूला शुक्रवारी विमानात बसवायचंय हे तिच्या मनाला खात होतं आणि न बसवायची भीती त्याहून जास्त खात होती. पुन्हा सगळी मंडळी जमली होती. गुरुजी पेटी घेऊन आले आणि पाटावर बसले.

"काकू, ढाल आणा," ते गंभीरपणे म्हणाले. "सगळ्यांना बघू दे, त्या खोलीत हंसाची काय अवस्था झालीये."

शकुंतलाबाई आत गेल्या आणि ढाल घेऊन आल्या. हंस निळा होता. कोरा करकरीत निळा.

गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं. पण माणूस तयारीचा! पुढच्याच क्षणी ते टाळी वाजवून म्हणाले, "बघितलंत? काकूंनी जायचं मनापासून ठरवलं आणि हंस निळा झाला! हा त्याग आहे, त्याग!"

"वा!" लोक म्हणाले.

"पण मी कुठे जायचं ठरवलंय?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी जाणार नाही. सकाळीच ठरवलं. तरी निळाच."

"आई!" सुमेध म्हणाला.

"थांब रे. गुरुजी, माझ्या हातात निळा राहिला, म्हणजे माझ्यात दोष नाही. बरोबर? आता जरा तुम्ही धरा. इकडे या, ओट्यापाशी. मला गुडघ्यामुळे फार वेळ उभं राहवत नाही."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? गुरुजी ढाल घेऊन ओट्यापाशी आले. तिथे चहाचं पातेलं रटरटत होतं. शकुंतलाबाईंनी झाकण काढलं. वाफेचा लोट वर आला, थेट ढालीच्या तोंडावर. गुरुजी मागे सरकायला गेले, तर मागे डेंटिस्ट उभे, त्यांच्यामागे प्राची, आणि सगळ्यांचे फोन वर. हंस आधी जांभळा झाला. मग गुलाबी.

"अगं बाई, गुलाबी!" प्राची किंचाळली.

"आता ही कुणाची सावली पडली म्हणायची, गुरुजी?" शकुंतलाबाईंनी विचारलं. "तुमचं तर लग्नही झालेलं नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. शकुंतलाबाईंनी सुनेचा हेअर ड्रायर आधीच जवळ ठेवला होता. त्यांनी तो ढालीवर धरला. थोडा वेळ घरघर झाली आणि हंस पुन्हा निळा. मग पुन्हा वाफ, पुन्हा गुलाबी. आता पोरंटोरंही पुढे घुसून "मी करू? मी करू?" करायला लागली.

सुमेध मात्र जागच्या जागी उभा होता. तो पुढे आला, त्यानं हंस डोळ्यांजवळ धरला आणि डोक्याला हात लावला.

"कोबाल्ट," तो म्हणाला. "आई गं! कोबाल्ट क्लोराइड. हा रंग मी रोज बघतो! आमच्या लॅबमध्ये पावडर कोरडी ठेवायच्या भांड्यात असेच दाणे असतात. कोरडे असले की निळे, ओल लागली की गुलाबी. गुलाबी झाले की आम्ही भट्टीत तापवून परत निळे करतो. रोज करतो, रोज! आणि इथे मी..."

मग त्यानं गुरुजींच्या पेटीवर झडप घातली. वरचं लाल मखमल उचकटलं. तळाशी ओल शोषणाऱ्या छोट्या छोट्या पांढऱ्या पुड्या खच्चून भरल्या होत्या, नव्या बुटांच्या खोक्यात असतात तसल्या. प्रत्येकीवर 'खाऊ नये' असं इंग्रजीत छापलेलं. पेनरोजच्या गोदामातून गुरुजींनी हीच तेवढी विद्या बरोबर आणली होती. पेटीत ढाल कोरडी होऊन निळी व्हायची, ओल्या घरात गुलाबी पडायची आणि 'शुद्धी'साठी पेटीत गेली की परत निळी. भिंतींना हात लावून गुरुजी दोष नाही, ओल शोधायचे. खिडक्या बंद कशासाठी ठेवायच्या, तेही आता सगळ्यांच्या लक्षात आलं.

"आणि ती गदा? ते त्रिपुंड्र?" अकाउंटंट विचारू लागले. त्यांना अजून थोडी आशा होती.

"ओब्रिन्याक नावाच्या फ्रान्समधल्या गावाचं हे मानचिन्ह आहे," शकुंतलाबाई चौथीच्या वर्गाला सांगावं तसं सांगू लागल्या. "जमिनीतून निघालेलं नाही. पंचायतीनं पन्नासेक वर्षांपूर्वी करून घेतलंय. त्या गावात ना राजा होऊन गेला, ना लढाई झाली. तिथल्या बायका शेजारच्या शहराचं धुणं धुवायच्या, पिढ्यान् पिढ्या. थंडीत नदीत गुडघाभर उभं राहून. त्यावर गाव जगलं, शाळा उभी राहिली. म्हणून ढालीवर तलवार नाही, धुणं बडवायचं धोपटणं आहे. ती तुमची गदा. ही गंगा नाही, तिथली नदी. आणि हे तीन पट्टे म्हणजे वाळत घातलेल्या चादरी."

"आणि हंस?"

"हंस नाहीये तो, बदक आहे. सरपंचांना राजहंस हवा होता, पण चित्रकाराला बदकच काढता यायचं. दर वर्षी तिथे जत्रा भरते, तेव्हा ही खेळणी विकतात, आता नेटवरही मिळतात. गुलाबी दिसलं तर आज धुणं वाळणार नाही, निळं दिसलं तर खुशाल टांगा. तेवढंच ते सांगतं. माझ्या खोलीत त्यानं तेच सांगितलं होतं, की बाई, तुझी दुपटी वाळत नाहीयेत."

लोक हसले, पण भाग्यश्री हसली नाही. ती सासूकडे बघत होती.

गुरुजी हळूच दाराकडे सरकले होते. "तुम्ही लोक फार निगेटिव्ह आहात," ते शाल सावरत म्हणाले. बुटांच्या ढिगात त्यांना आपले बूट काही केल्या सापडेनात.

"यतीन," शकुंतलाबाईंनी हाक मारली. गुरुजी नुसतं नाव ऐकून दचकले. "भिंतीला हात लावून ओल ओळखता येते तुला. इथल्या घरांना तशा माणसाची गरज आहे. ते काम कर, लोक दुवा देतील. पण पुन्हा कुणाच्या आईला घराबाहेर काढायला जाऊ नकोस."

यतीन एका पायात स्वतःचा आणि एका पायात दुसऱ्याचाच बूट घालून पावसात निघून गेला.

सुमेधनं सगळ्यांसमोर फोन काढला आणि शुक्रवारचं तिकीट रद्द केलं. आईजवळ आला आणि लहान मुलासारखा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. शकुंतलाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग मंडळींकडे वळून त्या म्हणाल्या, "देव मानायचा तर माना. मीही संध्याकाळी दिवा लावते. पण कुणी येऊन म्हणालं की तुमच्या घरातलं माणूस अपशकुनी आहे, तर त्याला आधी विचारा, कशावरून? तो चिडला तर पुन्हा विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत आपल्या माणसाचा हात सोडू नका. एवढंच."

प्राचीनं खिडक्या उघडल्या. गार, स्वच्छ हवा आत आली. पाट मांडला गेला, ओटीचं ताट पुढे आलं आणि प्राचीनं सवयीनं हाक दिली, "चला, सवाष्णी या पुढे!"

"थांब," भाग्यश्री म्हणाली. "पहिली ओटी आई भरतील."

शकुंतलाबाई चटकन दोन पावलं मागे सरल्या. इतका वेळ ठणठणीत असलेला त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "अगं, मी नको. ह्यांच्या माघारी मी कुणाचीच नाही भरली कधी. शुभकार्यात मी कशी चालेन?"

"कशावरून?" भाग्यश्रीनं विचारलं.

सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. चौथीच्या वर्गात इतकी वर्षं प्रश्न विचारणाऱ्या बाईंना या एका प्रश्नाचं उत्तर काही सापडेना. त्या पुढे आल्या, ताटातल्या तांदळांनी ओंजळ भरून घेतली आणि सुनेच्या पसरलेल्या हिरव्या पदरात घातली.